पंधरा पुढे, सव्वीस मागे

गाडी रॅम्पवर चढवून पुढच्या बाजूने खाली वाकून पाहिलं, तर दोन चाकांच्या मधे आडवी गेलेली एक पोलादी दांडी दिसते. दोन्ही टोकं वाकवलेली, म्हणजे एकूण आकार इंग्रजी यू अक्षरासारखा. जाडी साधारण अंगठ्याएवढी. मेकॅनिक तिला स्टॅबिलायझर म्हणतो, पुस्तकात तिचं नाव अँटी-रोल बार आहे, आणि गाडीचा मालक तिला काहीच म्हणत नाही, कारण अशी काही वस्तू आपल्या गाडीखाली आहे याचा त्याला पत्ताच नसतो.

या दांडीच्या नसण्यावरून अमेरिकेत एकेकाळी बराच गोंधळ झाला. शंभरावर खटले, एक गाजलेलं पुस्तक, सिनेटसमोर सुनावणी, खाजगी गुप्तहेर आणि शेवटी एक कायदा. सगळं काही एकट्या दांडीमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण त्या प्रकरणात जिथे जिथे खोदावं तिथे ही दांडी सापडते, म्हणून आज तिच्याबद्दल लिहितोय.

(घरच्या वाचकांसाठी सूचना: सुरुवातीला थोडं फिजिक्स आहे. ते गाळून पुढे उडी मारलीत तरी चालेल, पण मग "हे असं का?" म्हणून फोन करायचा नाही. :) )

तर दांडी करते काय? तिचा मधला भाग दोन रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि टोकं डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली तर दांडी बुशांमधे नुसती फिरते, काम काहीच करत नाही. वळणावर मात्र गाडी बाहेरच्या अंगाला कलते. बाहेरचं चाक बॉडीच्या जवळ येतं, आतलं लांब जातं. म्हणजे दांडीचं एक टोक वर, दुसरं खाली. ओला टॉवेल पिळावा तशी ती पिळली जाते. पोलाद असल्यामुळे परत सरळ व्हायला बघते आणि त्या धडपडीत गाडीचं कलणं कमी करते.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. गंमत पुढे आहे. गाडी कमी कलली म्हणजे वजनही कमी सरकलं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: तुम्ही वळण किती जोरात घेताय, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधे अंतर किती आहे. दांडीला या हिशेबात फारसं स्थान नाही. तिच्या हातात एवढंच, की सरकणाऱ्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या जोडीने. दांडी पुढे लावली की पुढची जोडी जास्त वाटा घेते आणि मागच्या जोडीचा तेवढा कमी होतो. एकत्र कुटुंबातल्या किराण्याच्या बिलासारखं. बिल तेवढंच राहतं, थोरल्याने जास्त दिले की धाकट्याचे वाचतात.

आता टायरचा स्वभाव. टायरवर भार वाढवला की त्याची पकड वाढते, पण त्या प्रमाणात वाढत नाही. नुसतं समजण्यासाठी आकडे घेऊ. समजा ३०० किलो भार असलेला टायर बाजूने २७० किलोचा जोर सोसतो. असे दोन मिळून ५४०. आता वळणावर एकावर ४५० आणि दुसऱ्यावर १५० किलो आले. साडेचारशेवाला ४०५ सोसेल असं वाटतं, पण तो ३६० वरच सुटतो. दीडशेवाला सोसतो १४५. बेरीज ५०५. एकूण भार तेवढाच, पण वाटप विषम झाल्यामुळे ३५ किलोची पकड हवेत गेली. ज्या जोडीत विषमता जास्त, त्या जोडीची पकड कमी.

म्हणजे पुढे दांडी लावली की गाडीच्या पुढच्या चाकांची पकड कमी होते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक बंद करून थोडा वेळ बसलो होतो. पैसे खर्च करून, किलोभर लोखंड लावून, पकड कमी करायची?

हो. कारण प्रश्न असा असतो की मर्यादा ओलांडली तर आधी कोण घसरणार, पुढची चाकं की मागची. पुढची आधी घसरली तर त्याला अंडरस्टीअर म्हणतात. तुम्ही स्टेअरिंग फिरवलंय, पण गाडी हवी तेवढी वळत नाही, वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकत जाते. माणूस घाबरतो आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पाय काढला की वजन पुढे येतं, वेग कमी होतो, पुढच्या चाकांना पुन्हा पकड मिळते. घाबरलेल्या माणसाने आपोआप केलेली गोष्ट बहुधा बरोबर ठरते. मागची चाकं आधी घसरली तर तो ओव्हरस्टीअर. गाडी शेपूट फेकते, तोंड वळणाच्या आत घुसतं. इथेही माणूस घाबरून पाय काढतो, पण आता वजन पुढे आल्यामुळे मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी गरकन फिरते. इथे वाचायचं तर स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. रॅलीवाल्यांना ते जमतं. ऑफिसमधून घरी चाललेल्या माणसाला जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही चूक आहे.

अंडरस्टीअर म्हणजे अमृत असंही समजू नका. घाटात दरीकडच्या वळणावर गाडी सरळ निघाली तर तिचं शास्त्रीय नाव काय हे विचारायला कोणी उरत नाही. दोन संकटांपैकी कोणतं संकट सामान्य माणसाला हाताळता येईल, एवढाच तो निर्णय आहे.

आता इतिहास. दांडीचं पहिलं पेटंट कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमनला १९१९ साली मिळालं. पण त्या काळच्या गाड्यांचे पाटे इतके कडक असायचे की दांडीची गरज कोणाला फारशी वाटली नाही. गाड्या कलायच्या कमी आणि माणसांची हाडं खिळखिळी व्हायची जास्त.

चित्र बदललं १९३०च्या दशकात. मॉरिस ओली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून १९३० साली कॅडिलॅककडे आला. गाडीत बसलेल्या माणसाला आराम कसा मिळेल, हा त्याचा ध्यास. त्याच्या प्रयोगांतून जनरल मोटर्सच्या १९३४च्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, मऊ स्प्रिंगांचं. मऊ स्प्रिंग म्हणजे आराम, पण त्याबरोबर पुढच्या जोडीचा कलण्याला विरोधही कमी झाला. वरचा किराणा बिलाचा हिशेब आठवा: पुढची जोडी वाटा उचलेना म्हटल्यावर तो मागच्या जोडीवर पडणार. मग आराम तसाच ठेवून पुढचा विरोध परत कसा आणायचा? दोन्ही चाकं एकदम उचलली तर गप्प बसणारी आणि कललं की जागी होणारी दांडी या कामाला अगदी नेमकी होती. अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर या शब्दांचं श्रेयही सहसा ओलीलाच दिलं जातं. त्याआधी ड्रायव्हर लोक "ही गाडी जरा विचित्र वळते" एवढंच म्हणत असावेत.

हा ओली लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

१९५० नंतर युरोपातल्या छोट्या गाड्या अमेरिकेत खपायला लागल्या. त्यात सगळ्यात पुढे फोक्सवॅगन बीटल. इंजिन मागे, हवेने थंड होणारं. शेव्हरोलेचा प्रमुख एड कोल हा हुशार आणि धाडसी इंजिनिअर (शेव्हरोलेचं १९५५चं प्रसिद्ध व्ही-८ इंजिन त्याच्याच देखरेखीखाली झालं). त्याने ठरवलं की अमेरिकन पद्धतीची मागच्या इंजिनाची गाडी काढायची. २ ऑक्टोबर १९५९ला कॉर्व्हेअर बाजारात आली. सहा सिलिंडर, हवेने थंड होणारं अॅल्युमिनियमचं इंजिन, सपाट बुटका बांधा, किंमत सुमारे २,००० डॉलर. टाइम साप्ताहिकाने मुखपृष्ठावर कोलला छापलं. मोटर ट्रेंड मासिकाने तिला १९६०ची सर्वोत्तम गाडी ठरवलं. फोटो शोधून बघा, आजही देखणी वाटते. त्या काळच्या इतर अमेरिकन गाड्यांना रॉकेटसारखे पंख आणि किलोकिलोने क्रोमियम असताना ही साधी, स्वच्छ रेषांची.

पण खाली दोन अडचणी होत्या. एक, वजनाचा ६० टक्क्यांहून जास्त भाग मागच्या चाकांवर. दुसरी, मागचं सस्पेन्शन स्विंग अॅक्सल जातीचं. यात प्रत्येक मागच्या चाकाचा आस मधे गिअरबॉक्सजवळ बिजागरीने जोडलेला असतो आणि चाक त्या आसाला काटकोनात पक्कं. पक्ष्याने पंख हलवावेत तसे हे दोन आस वरखाली होतात. पंख वरखाली झाला की चाकही तिरपं होतं. जोरात वळण घेताना बाहेरच्या चाकावरचा बाजूचा जोर गाडीच्या मागच्या भागाला वर ढकलतो, आस खाली झुकतो आणि चाक गाडीच्या पोटाखाली दुमडायला लागतं. टायरची पकड अचानक जाते. हळूहळू सूचना देत गेली असती तर एक वेळ ठीक, पण ती जाते एका क्षणात.

आणि ओली? कॉर्व्हेअर बाजारात येण्याच्या आधीच, १९५०च्या दशकात त्याने साध्या स्विंग अॅक्सलबद्दल हे लिहून ठेवलं होतं: जोरदार वळणावर मागचा भाग उचलला जातो, दोन्ही चाकं वाईट कोनात जातात आणि गाडी ओव्हरस्टीअर तर करतेच, वर उलटायलाही बघते. कुणा प्रतिस्पर्ध्याचं हे मत असतं तर गोष्ट वेगळी. ओलीच्या कारकिर्दीचा मोठा भाग जनरल मोटर्समधे गेला होता. घरातल्याच वडीलधाऱ्याने सांगून ठेवलेलं होतं म्हणा ना.

आता अशा गाडीला पुढे दांडी लावली तर काय होईल? सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा पुढची जोडी घेईल, बिचाऱ्या मागच्या बाहेरच्या चाकावरचा ताण कमी होईल, एकूण कलणंही घटेल. १९५९च्या ऑगस्टपासून फोक्सवॅगनने बीटलला पुढे अशी दांडी बसवायला सुरुवात केली. बीटलचंही इंजिन मागे, स्विंग अॅक्सल तिलाही. म्हणजे ज्या गाडीला तोंड द्यायला कॉर्व्हेअर काढली, तिला दांडी मिळाली, आणि जेमतेम दोन महिन्यांनी आलेल्या कॉर्व्हेअरला नाही. हा योगायोग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात बोचरा भाग वाटतो.

दांडीऐवजी शेव्हरोलेने एक युक्ती केली. टायरमधली हवा. पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. पुढच्या टायरमधे हवा कमी म्हणजे तो वळताना जास्त लवतो, आळशी होतो, आणि पुढची बाजू आधी सुटते. म्हणजे अंडरस्टीअरकडे झुकाव. कागदावर ही युक्ती बरोबर आहे. दांडीने जे साधायचं ते बरंचसं साधतं. खर्च शून्य. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत आकडे छापलेले होते.

आता डोळ्यासमोर आणा. तुम्ही गाडी घेऊन पंपावर गेलात, हवा भरणारा पोऱ्या नळी घेऊन आला. "किती मारू, साहेब?" तुम्ही म्हणालात, "बघ ना, नेहमीची." तो चारही चाकांत तीस-तीस मारून मोकळा. जगातल्या कुठल्याही देशात, कुठल्याही दशकात, हे असंच होतं. १९६०ची अमेरिका वेगळी नव्हती. पुढच्या चाकात फक्त १५ हवा पाहून कुठलाही भला माणूस म्हणणार, "अहो, हवा उतरलीय, भरून देतो." आणि त्या भलेपणात गाडीचा स्वभाव बदलून जाणार. इंजिनिअरने आखलेला अंडरस्टीअर पंपावर दोन मिनिटांत नाहीसा व्हायचा आणि मालकाला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

शेव्हरोलेच्या इंजिनिअरांना हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. १९६२ साली कंपनीने जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा एक सस्पेन्शनचा संच काढला. त्यात पुढची दांडी होती आणि मागचे आस फार खाली झुकू नयेत म्हणून पट्टे होते. ज्यांना गाडी वेगात चालवायची हौस, त्यांच्यासाठी. ज्यांना हौस नव्हती, नुसती मुलांना शाळेत सोडायची होती, त्यांनी तो संच कशाला मागावा? बाहेरच्या कंपन्याही मागच्या चाकांना आवरणारे पाटे विकत होत्या. आजार आहे हे बाजारालाही माहीत होतं म्हणायचं.

जॉन डीलोरियन त्या काळात जनरल मोटर्समधे वर चढत होता (हाच तो पुढे स्टेनलेस स्टीलच्या गाडीवाला, बॅक टू द फ्यूचरमधे ती गाडी आहे). त्याच्या आठवणींचं पुस्तक १९७९ साली आलं, ते लिहिलं जे. पॅट्रिक राइट या पत्रकाराने. त्यात सांगितलंय की १९६१ साली शेव्हरोलेचा प्रमुख झालेल्या बंकी नुडसनने सस्पेन्शन सुधारायची परवानगी मागितली. खर्च गाडीमागे सुमारे १५ डॉलर. वरिष्ठांनी महाग म्हणून नाकारलं, तेव्हा नुडसनने राजीनाम्याची धमकी दिली आणि मग परवानगी मिळाली. डीलोरियन काही तटस्थ साक्षीदार नव्हता. कंपनी सोडून गेलेला माणूस, त्याला हिशेब चुकते करायचे होते. त्यामुळे हे थोडं हात राखून वाचावं. पण तारखा जुळतात. १९६४च्या मॉडेलपासून सगळ्या कॉर्व्हेअरना पुढे दांडी आली आणि मागे एक आडवा पाटा. १९६५च्या मॉडेलला तर मागचं सस्पेन्शन पूर्ण नवं मिळालं, दोन्ही टोकांना सांधे असलेलं, चाक दुमडण्याचा प्रश्नच मिटवणारं.

म्हणजे गाडी दुरुस्त झाली होती. मग बोंब कशाची?

बोंब आधीच्या चार वर्षांतल्या गाड्यांची. कॅलिफोर्नियात एका बाईची कॉर्व्हेअर उलटून तिचा डावा हात गेला. तिने दावा लावला आणि १९६४ साली जनरल मोटर्सने ७०,००० डॉलर देऊन तो मिटवला. असे दावे वाढत शंभरावर गेले. अपघातांमधे एक समान धागा दिसत होता: दुसरी गाडी नाहीच. एकटी गाडी, वळण, आणि उलटणं. पोलिसांच्या कागदावर अशा अपघाताचा अर्थ एकच निघतो, ड्रायव्हरचं नियंत्रण सुटलं. आपल्याकडे वर्तमानपत्रात रोज छापून येणारं वाक्य. नियंत्रण सुटलं हे खरंच असतं, पण सुटायला कितपत सोपं करून ठेवलं होतं, हा प्रश्न तोपर्यंत सहसा कोणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न विचारला राल्फ नेडर नावाच्या ३१ वर्षांच्या वकिलाने. ३० नोव्हेंबर १९६५ला त्याचं "अनसेफ अॅट एनी स्पीड" हे पुस्तक आलं. पहिलं प्रकरण कॉर्व्हेअरवर. बाकीचं पुस्तक सगळ्याच कंपन्यांबद्दल आहे, धारदार डॅशबोर्ड, छातीत घुसणारे स्टेअरिंगचे दांडे, वगैरे. पण लोकांच्या लक्षात राहिली ती कॉर्व्हेअर. आणि ती राहण्यात जनरल मोटर्सचाच हात मोठा. नेडरचं काहीतरी लफडं सापडावं म्हणून त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले गेले. ते उघडकीला आलं आणि २२ मार्च १९६६ला कंपनीचा अध्यक्ष जेम्स रोश याला सिनेटच्या उपसमितीसमोर माफी मागावी लागली. एवढी जाहिरात कुठल्या प्रकाशकाला परवडली असती? नेडरने खाजगीपणाच्या भंगाचा दावाही लावला, तो १९७० साली ४,२५,००० डॉलरला मिटला आणि ते पैसे त्याने ग्राहक चळवळीत घातले. ९ सप्टेंबर १९६६ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. गाडीच्या सुरक्षिततेचे निकष सरकार ठरवणार, हे अमेरिकेत तेव्हापासून.

गोष्ट इथे संपली असती तर नेडर नायक, कंपनी खलनायक, आणि आपण मोकळे. पण पुढे एक कलाटणी आहे, आणि ती बरेच जण सोयीने गाळतात.

त्या कायद्यातून पुढे जी सरकारी महामार्ग सुरक्षा संस्था उभी राहिली, तिने १९७१ साली १९६३ची कॉर्व्हेअर चाचणीला घेतली. शेजारी त्याच काळातल्या चार गाड्या: फोर्ड फाल्कन, प्लिमथ व्हॅलियंट, फोक्सवॅगन बीटल आणि रेनो डॉफिन. १९७२च्या जुलैमधे अहवाल आला. निष्कर्ष असा की कॉर्व्हेअरमधे ताबा सुटण्याची किंवा उलटण्याची शक्यता तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा वेगळी नव्हती, तिची कामगिरी निदान त्यांच्याइतकी तरी चांगली होती. नेडरच्या पुस्तकातून जन्मलेल्या संस्थेने त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाविरुद्ध कौल दिला! नेडरने अर्थातच अहवालावर टीका केली. कॉर्व्हेअरचे चाहते आजही हा अहवाल तोंडपाठ सांगतात. तोपर्यंत गाडी मात्र संपली होती. मस्टँगने बाजार नेला आणि १४ मे १९६९ला शेवटची कॉर्व्हेअर कारखान्यातून बाहेर पडली. एकूण सुमारे १८ लाख बनल्या.

मग खरं कोणाचं? मी दोन्ही बाजूंचं बरंच वाचलं आणि माझं मत असं झालं. अहवाल खोटा मानायचं कारण नाही. पण "समकालीनांइतकी चांगली" हे माप तपासून घ्यायला हवं. चारातल्या दोन गाड्या, बीटल आणि डॉफिन, स्वतःच मागच्या इंजिनाच्या आणि स्विंग अॅक्सलच्या होत्या. फाल्कन आणि व्हॅलियंट तशा नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, आणि कॉर्व्हेअर त्यांच्याही पंक्तीत बसली. तेव्हा "मृत्यूचा सापळा" वगैरे विशेषणं मी वापरणार नाही. नेडरने चढवून लिहिलं.

तरीही त्याच्या मुद्द्याचा गाभा शाबूत राहतो असं मला वाटतं, आणि तो त्या हवेच्या आकड्यांमधे आहे. गाडीचा सुरक्षित स्वभाव जर दांडीने ठरत असेल तर तो कारखान्यात ठरतो आणि गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतो. तोच स्वभाव हवेच्या दाबाने ठरत असेल तर ती जबाबदारी कारखान्यातून उचलून मालकाच्या, पंपावरच्या पोऱ्याच्या आणि तिसऱ्या-चौथ्या हाताने गाडी घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवलेली असते, त्यांना न सांगता. पुस्तिकेत छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. १५ आणि २६ हे आकडे का आहेत, ते बदलले तर काय होईल, हे कळलं असतं तर निम्म्या मालकांनी तरी हवा भरणाऱ्याचा हात धरला असता.

हे आठवायचं ताजं कारण म्हणजे माझा एक भाचा. त्याने जुनी हॅचबॅक घेतली. खड्ड्यांतून जाताना पुढून टक-टक आवाज यायचा. मेकॅनिक म्हणाला, स्टॅबिलायझरच्या लिंका गेल्यात. आणि वर सल्ला: "काढूनच टाकू का? काही फरक पडत नाही गाडीला, उलट खड्ड्यात मऊ चालेल." भाच्याने सहज म्हणून मला फोन केला. मी आधी ओरडलो आणि मग विचार केला की मेकॅनिक अगदीच चुकीचं बोलत नाहीये. गाडी खड्ड्यात मऊ चालेलच. दांडी एका चाकाचा धक्का दुसऱ्या चाकाला पोचवते, ती काढली तर तो धक्का थांबतो. रोजच्या चाळीसच्या वेगात भाच्याला काही कळलंही नसतं. कळायची वेळ आली असती ती पावसात, घाटात, समोर अचानक म्हैस आल्यावर. काही छोट्या गाड्यांत तर हीच दांडी चाकाच्या खालच्या आर्मला जागेवर धरायचं कामही करते, तिथे ती काढणं म्हणजे चाकच मोकळं सोडणं. लिंका नव्या टाकायला फार खर्च आला नाही. त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. दांडी कशासाठी असते हे त्यालाही कोणी सांगितलेलं नसणार.

उलटी बाजूही सांगून टाकतो. कुणा उत्साही भाचे-पुतण्यांनी हे वाचून पुढे जाडजूड दांडी बसवायला जाऊ नये. आजच्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या मुळातच अंडरस्टीअर करतात, नाक जड असल्यामुळे. त्यांचा तो दोष कमी करायला दांडी मागे जाड करतात. पहिल्या गोल्फ जीटीआयचे वळणावरचे फोटो बघा, मागचं आतलं चाक कुत्र्याने खांबाशी पाय वर करावा तसं हवेत उचललेलं असतं. तेही हिशेबाने केलेलं.

आणि मागच्या इंजिनाची गोष्ट निघालीच आहे तर आपली नॅनो. २००८च्या जानेवारीत दिल्लीत टाटांनी ती दाखवली तेव्हा किंमतीचीच चर्चा झाली. मी मात्र टायर बघत बसलो होतो. पुढचे १३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे १५५. इतक्या स्वस्त गाडीत, जिथे पै-पैचा हिशेब होता, तिथे दोन मापांचे टायर का? कारण तेच. इंजिन मागे, वजन मागे, तेव्हा पुढची पकड मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे आधी नाक सुटेल, शेपूट नाही. कॉर्व्हेअरने जे काम हवेवर सोपवलं होतं ते इथे टायरच्या रुंदीवर सोपवलं, आणि रुंदी काही पंपावर नळी लावून बदलत नाही. नॅनोचं उत्पादन २०१८ साली थांबलं. रस्त्यावर अजून एखादी दिसते. दिसली तर मागून चालत येऊन पुढच्या चाकाकडे बघा, फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.